मोरीत पाय घसरला

बुधवार, रात्री पावणेबारा

शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ आज पुन्हा वाचून संपवलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. तेव्हा सगळा भर ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणाऱ्या, त्याच्या हाताखालच्या इयागोच्या कपटावर आणि त्यासाठी वापरलेल्या तिच्या स्ट्रॉबेऱ्यांचं भरतकाम केलेल्या रुमालावर. ती बायको, डेस्डिमोना, निष्पाप बिचारी, एवढ्यावर तिची बोळवण.

आज अडकले पाचव्या अंकात. नवऱ्याने तिचा जीव घ्यायला घेतलाय, थोडी धुगधुगी आहे. तिची सोबतीण एमिलिया, म्हणजे इयागोची बायको, विचारते, हे कोणी केलं? डेस्डिमोना म्हणते, कोणी नाही, माझं मीच. वर नवऱ्याला माझा नमस्कार सांग.

पुस्तक पालथं घातलं. हे मी ऐकलंय. चाळीत आमच्या समोरच्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, “मोरीत पाय घसरला.” डोळ्याखाली काळंनिळं. दर दोन-तीन महिन्यांनी मोरी त्यांनाच बरी सापडायची!

आणि डेस्डिमोना काही भित्री नव्हे. पहिल्या अंकात व्हेनिसच्या भर सभेत, बापासमोर सांगते, हा नवरा मी निवडलाय. बाप जाताजाता जावयाला बजावतो, बापाला फसवलं तिने, तुलाही फसवेल. पुढे इयागो हेच ऑथेल्लोच्या कानात सोडतो. एकदा स्वतःच्या मनाने वागली, तोच तिच्याविरुद्ध पुरावा! चौथ्या अंकात तर व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यादेखत ऑथेल्लो तिला मारतो. पाहुणा चकित होतो, तिची समजूत काढ म्हणतो. बस्स. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार.

सिंधू आठवलीच. ‘एकच प्याला’तली सिंधूही मरताना नवऱ्याला वाचवायला खोटंच बोलते. १९१९ साली ती बालगंधर्वांनी उभी केली. शेक्सपिअरच्या काळी डेस्डिमोनाही मुलगेच करत. म्हणजे बाईचं हे खोटं पुरुषानेच लिहायचं, पुरुषानेच बोलायचं, आणि रडायला मात्र बायकाही. (माझी आजी त्यात पहिली.)

मला आज एमिलियाच जास्त छळतेय. रुमाल तिनेच उचलून इयागोला दिला, तो किती दिवस मागत होता म्हणून. डेस्डिमोना शोधत होती तेव्हा सरळ म्हणाली, मला काय ठाऊक. आणि तीच त्या शेवटच्या रात्री बोलते की बायका चुकतात त्यात नवऱ्यांचाच दोष. गोड-आंबट आम्हालाही कळतं. १६२२ च्या छापील प्रतीत हे बोलणं नाही, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्र छापलेल्या मोठ्या ग्रंथात, आहे. शेवटी ती सगळ्यांसमोर खरं बोलायला लागते, तेव्हा इयागो तिला घरी जा म्हणतो. ती म्हणते, नवऱ्याचं ऐकावं हे खरं, पण आत्ता नाही. कदाचित मी घरी येणारच नाही. तो तिला तिथेच भोसकतो.

आमची आई हळद-तूप कालवून द्यायची, विचारायची काही नाही. वाटी पोचवायचं काम माझं. एकदा दारातच मी विचारलं, “काकू, तुमची मोरी आमच्यापेक्षा गुळगुळीत आहे का हो?” मागून आईचा चिमटा बसला. काकू हसायला गेल्या आणि फुटलेल्या ओठावर त्यांनी पटकन पदर धरला.