फाल्गुनातून पौषात

केदारनाथच्या वाटेवरच्या उखीमठला ओंकारेश्वराच्या देवळापासून थोडं खाली उतरलं की गव्हाची शेतं लागतात. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, एकेक पायरी आपल्या ओसरीएवढी. पोहोचलो त्याच संध्याकाळी नाना तिथल्या बांधावर जाऊन बसले. शेतातल्या बाईंना हातानेच विचारून त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला आणि दोन दाणे तोंडात टाकले.

"फाल्गुन," ते म्हणाले. "आपल्याकडचा फाल्गुन. आठ दिवसांत काढायला येईल."

पंचांगात चैत्र सरत आला होता. आमच्याकडे गहू काढून, मळून, कणग्या भरूनही झाल्या होत्या. त्यामुळे नानांचं ते बोलणं मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पुढचे सहा दिवस ते रोज असा महिना सांगत राहिले, आणि आता त्या वाटेची आठवण काढली की मला तारखा आठवतच नाहीत, नानांचे महिने आठवतात.

आळंदी ते पंढरपूर मी अकरा वर्षं चालते आहे. नाना आमच्याच दिंडीतले, फलटणकडचे, सत्तरीला टेकलेले. केदारनाथची डोली उखीमठहून पायी निघते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते दोन वर्षं मनात धरून ठेवलं होतं. हिवाळ्याचे सहा महिने केदारनाथचं देऊळ बर्फात बंद असतं. तेवढे दिवस केदारबाबांची पूजा उखीमठला होते, आणि महाशिवरात्रीला ओंकारेश्वराच्या देवळात दार उघडण्याचा मुहूर्त जाहीर होतो. त्या मुहूर्ताआधी चार दिवस पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसून निघते. गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे तीन मुक्काम, चौथ्या दिवशी केदार, आणि पाचव्या दिवशी पहाटे दारं उघडतात. नाना म्हणायचे, "आपल्याकडं माउली देवाला भेटायला चालत जातात. तिथं देवच सवता घरला चालत निघतो. त्याला सोबत करायला नको का?"

देव ऋतू बघून घर बदलतो. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ चालायला लागल्यावर कळला. डोली निघते तो आठवडा म्हणजे खाली उन्हाळा लागलेला आणि वर हिवाळा न गेलेला असा असतो. त्या दोघांच्या मधोमध वारा असतो, आणि आम्हाला आठवडाभर सोबत होती ती त्या वाऱ्याची.

उखीमठला पहिल्याच दिवशी तो ओळखीचा झाला. सकाळी दरी अगदी निपचित. समोर, मंदाकिनीच्या पलीकडे गुप्तकाशी, आणि वर चौखंबा पर्वत इतका जवळ की त्याच्या कडांवरच्या बर्फाच्या घड्या मोजाव्यात. दहा वाजून गेले की देवळाच्या पताका हळूच हलायच्या. दुपारी दोनला त्या फडफडायला लागायच्या, आणि सगळ्या एकाच दिशेला, नदीच्या वरच्या अंगाला. चारच्या सुमारास चौखंबा ढगात गडप. सूर्य डोंगराआड गेला की पताका पडायच्या आणि रात्री निजताना उलटा वारा यायचा, वरून खाली, थंडगार, खिडकीच्या फटीतून पाण्यासारखा आत झिरपणारा.

शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे असा धडा होता. खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांच्या शेजारीच असायचा, आणि मी तो पाठ करून विसरले होते. दिवसा उन्हाने डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीतून वारा वर धावतो. रात्री उतार निवतात, थंड जड हवा खाली घरंगळते. वर चढलेली हवा आपल्याबरोबर बाष्प नेते, त्याचे दुपारनंतर ढग होतात. कोकणातल्या माणसाला समुद्र जसा वेळ सांगतो तशी इथे दरी सांगते. दुसऱ्या संध्याकाळी भैरवनाथाची पूजा झाली तेव्हा नाना म्हणाले, "सकाळचा वारा तोंडावर, दुपारचा पाठीवर. चढणीला पाठीवरचा वारा म्हणजे दिंडीतला मागचा गडीच की."

डोली निघाली त्या सकाळचं मी नीट सांगू शकणार नाही. ढोल आणि दमाऊ, लष्कराच्या बँडचे सूर, फुलांचा पाऊस, आणि त्या गर्दीत झेंडूने इतकी मढलेली डोली की आतली मूर्ती शोधावी लागत होती. डोली वाहणारे अनवाणी होते. "जय बाबा केदार"च्या गजरात आमच्या तोंडून "रामकृष्ण हरी" निघालं आणि शेजारच्या एका पहाडी आजोबांनी लगेच तेही उचललं. डोली भरभर चालते. पालखी रथातून संथ जाते, तिची सवय असलेल्या आमची पहिल्या उतारावरच धांदल उडाली. दरीत उतरून मंदाकिनी ओलांडली, पुन्हा चढून संध्याकाळी गुप्तकाशी. तिथे विश्वनाथाच्या देवळापुढे मणिकर्णिका कुंडात गंगा आणि यमुना मानलेल्या दोन धारा पडतात. त्यांच्या पाण्याने तोंड धुतलं आणि तो दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. रात्री धुतलेले पायमोजे वाळले नव्हते, ते उन्हात वाळवीपर्यंत मी नानांना थांबवून ठेवलं. डोली पुढे गेली. नाला, नारायणकोटी करत आम्ही निवांत चाललो होतो. नारायणकोटीची जुनी दगडी देवळं पाहताना आणखी अर्धा तास गेला. नानांचं लक्ष शेतांवर. गुप्तकाशीला पिवळा असलेला गहू इथे हिरवट होता. एका वळणावर त्यांनी पुन्हा ओंबी चोळली. दाणा फुटून बोटाला पांढरा चीक लागला. "माघ," नाना म्हणाले. एका दिवसाच्या चालीत एक महिना मागे गेला होता.

फाट्याच्या अलीकडे दुपारी वारा पाठीवर होता. मस्त ढकलत होता. आणि मग तो एकदम थांबला. झाडाचं पानही हलेना. मला बरं वाटलं, म्हटलं आता जरा शांत चालू. तेवढ्यात वरच्या घराच्या अंगणातून एक आजी ओरडली. ती रजया गोळा करत होती आणि आम्हाला हाताने वर बोलावत होती. आम्ही पायऱ्या चढून तिच्या ओसरीवर पोचतो न पोचतो तोच समोरून, म्हणजे वरच्या अंगाने, बर्फाच्या पेटीचं झाकण उघडावं तसा थंड झोत आला, आणि त्याच्यामागून गारा. पाटीच्या दगडांचं छप्पर नुसतं तडतडत होतं. दहा मिनिटांत अंगण पांढरं झालं.

"भैजी," आजी नानांना म्हणाली, "वर आभाळाकडे काय बघता? वारा थांबला की घरात यायचं."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर वळवाचा पाऊस अंगावर घेतलेला माणूस, त्यांनाही हे ठाऊक होतं. वळीव येण्याआधी असाच वारा पडतो, गुरं माना वर करतात. पण आपल्या शिवाराबाहेर आल्यावर आपण आपलीच माहिती वापरायची विसरतो, असं ते मला नंतर म्हणाले. ढगातून पाऊस आणि गारा कोसळताना त्यांच्याबरोबर थंड हवाही खाली आदळते आणि जमिनीवर पसरते. त्या हवेची धाव दरीतल्या वाऱ्याला अडवते, म्हणून आधी ती शांतता आणि मग तो झोत. आजीने गरम पाणी दिलं. नानांच्या भिजलेल्या टोपीला चुलीजवळ जागा दिली. गारा थांबल्यावर आम्ही निघालो तर पश्चिमेला लख्ख ऊन, रस्त्यावर गारांचा सडा आणि त्यातून वाफ निघत होती. फाट्याला पोचायला रात्र झाली. त्यानंतर मी एकदाही उशिरा निघाले नाही.

गौरीकुंडच्या दिवशी वाटेवर गहू संपला. सोनप्रयागला वासुकीकडून येणारं पाणी मंदाकिनीला मिळतं, तिथून वर अक्रोडाच्या फांद्यांना तांबूस कोवळी पालवी फुटत होती. अंगभर लाल फुलं घेऊन उभे असलेले बुरांसचे वृक्ष वर रानात दिसत होते. फुलं बघून मी म्हटलं, हा तर वसंत. नाना कबूल करायला तयार नाहीत. "फुलांवर जाऊ नको पोरी. जमिनीला हात लाव." लावला. ओली, गार, काळी जमीन.

त्या दुपारी दोन गोष्टी घडल्या. पताका चुकीच्या दिशेला फडकत होत्या, आणि सूर्याला खळं पडलं. पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग पश्चिमेकडून सरकत आले आणि सूर्याभोवती फिकट रंगाचं मोठं कडं उमटलं. गौरीकुंडचे लोक वर बघून एकमेकांशी बोलायला लागले. हा दरीचा रोजचा वारा नव्हता. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात इथे बर्फ आणतात, आणि वसंतातही त्यांचं येणं थांबत नाही. आले की दरीचं घड्याळ बंद पडतं.

सकाळी डोली निघाली तेव्हा आभाळ खाली उतरलेलं होतं. गौरीकुंड साधारण १,९८२ मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर, आणि मधे १६ ते १८ किलोमीटरची चढण. जंगलचट्टीपर्यंत झिमझिम पाऊस, भीमबलीपर्यंत धार. रामबाड्यापाशी मी थांबले. १६-१७ जून २०१३ च्या पुरात हे ठिकाण वाहून गेलं. आता इथे दगडगोट्यांचा ढीग आणि मधून पाणी. वाट पुलावरून पलीकडच्या काठाला जाते. डोली पुलावर आली तेव्हा ढोल क्षणभर मंद झाले असं मला वाटलं, कदाचित पाण्याच्या आवाजाने तसं वाटलं असेल. नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पूल ओलांडेपर्यंत तशीच धरली.

लिंचोलीच्या चढावर पावसाचा आवाज बदलला. रेनकोटवर टपटप होत होती, तिची सळसळ झाली. बाहीवर बघितलं तर साबुदाणा. पांढरे, गोल, मऊ दाणे, बोटाने दाबले की चुरा होणारे. अर्ध्या तासाने त्या साबुदाण्याच्या जागी पिसं पडायला लागली आणि सगळे आवाजच थांबले. पुढे हिमनदीच्या जिभा कापून केलेली वाट, दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याच्या वर मळकट बर्फाच्या भिंती. त्या भिंतींच्या मधून अनवाणी माणसांच्या खांद्यावरून झेंडूची फुलं पुढे जात होती. बर्फावर त्यांची पावलं उमटायची आणि प्रत्येक पावलात थोडं पाणी साचायचं. मी त्या पावलांवर पाय देणं टाळत, त्यांच्या कडेकडेने चालले. तशी मला कुणी सूचना केली नव्हती.

नाना दमले होते. दहा पावलं चालायचं, काठीवर रेलायचं. मी विचारलं, "नाना, बरं वाटतंय ना? थांबायचं का?"

"पौष," ते म्हणाले.

"काय?"

"पौष लागला. आता पुढं महिना नाय. पोचलो."

उखीमठपासून आम्ही सव्वादोन हजार मीटरहून जास्त चढलो होतो. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी निवत जाते, म्हणजे खालच्या गव्हाच्या शेतापासून इथपर्यंत पंधराएक अंश. पुस्तकात ते गणित असतं. नानांच्या हिशेबात तेच दोन महिने होते.

रात्रभर बर्फ पडत राहिलं आणि पहाटे थांबलं. झंझावात पुढे सरकला की मागे आभाळ असं स्वच्छ होतं की डोळे दुखतात. देवळामागे केदारनाथचं शिखर, ६,९४० मीटरचं, निळसर उजेडात उभं होतं आणि उत्तरेकडून कोरडा, चावरा वारा सुटला होता. तिकडे देवळाच्या दारांना कपाट म्हणतात. कपाट उघडलं तेव्हा पुढच्या लोकांना आतला दिवा दिसला. बंद देवळात सहा महिने तो तेवत राहतो अशी श्रद्धा आहे. आम्ही बरेच मागे होतो. आमची पाळी आली तोवर आत पुष्कळ दिवे होते आणि त्यांतला तो कोणता हे मला सांगता येणार नाही. नानांनी विचारलंही नाही. त्यांनी पिंडीला, म्हणजे त्या त्रिकोणी खडकाला, दोन्ही तळहात टेकवले आणि शेतात जमिनीला लावतात तसे थोडा वेळ लावून ठेवले.

उतरायला लागलो तेव्हा नऊ वाजले होते. लिंचोलीपर्यंत वाटेचं बर्फ पाणी होऊन पायाखालून वाहत होतं. भीमबलीच्या खाली पताका पुन्हा वरच्या अंगाला फडकायला लागल्या होत्या. दरीचं घड्याळ सुरू झालं होतं, फक्त आता दुपारचा वारा आमच्या तोंडावर होता आणि त्याला ओल्या मातीचा, धुराचा, खालच्या गावांचा वास होता. जंगलचट्टीजवळ बुरांसच्या झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडला होता. काल याच झाडाखालून आम्ही माना खाली घालून पावसात वर गेलो होतो. नाना थांबले, वाकले, पाकळ्या बाजूला सारून जमिनीला हात लावला.

"माघ संपत आला बघ," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढे निघाले.