शून्य कार्य आणि दुखणारे हात

शाळा सुटली तसं भौतिकशास्त्रही सुटलं. इतक्या वर्षांनी पुस्तक उघडलं आणि एकाच ओळीवर चार दिवस अडलो: स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूवर झालेलं एकूण कार्य शून्य. (कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने सरकलेलं अंतर; बल न्यूटनमध्ये, कार्य ज्यूलमध्ये मोजतात.) म्हणजे १० किलोची पेटी मी संथपणे २ मीटर वर चढवली, ते काहीच नाही? घाम काय फुकटचा?

घोळ ‘एकूण’ या शब्दात होता. मी तो वाचतच नव्हतो. शेवटी कागदावर पेटी काढली. माझ्या जोराचा एक बाण वर, पेटीच्या वजनाचा एक खाली, दोन्ही ९८ न्यूटनचे. माझं कार्य १९६ ज्यूल, गुरुत्वाकर्षणाचं उणे १९६. बेरीज शून्य, कारण गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा, होती तेवढीच राहिली. माझे १९६ ज्यूल मात्र स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे साठलेली ऊर्जा, म्हणून जमा झाले.

पण बाण सारखेच, तर पेटी वर जातेच कशी? कारण ती आधीच वर चाललेली असते. जास्तीचा जोर लागतो तो पहिल्या हिसक्यापुरता. थांबवताना तेवढाच कमी पडतो.

मग तानकाट्याला (ओढण्याचा जोर मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याला) लाकडी ठोकळा अडकवून टेबलावरून ओढला. हलेपर्यंत काटा ५ न्यूटनच्या पुढे, सरकू लागल्यावर ४ वर. हात एकसारखा ठेवणं महाकठीण, सात-आठ खेपा वायाच गेल्या. मीटरभर ओढलं की ४ ज्यूल. वेग तोच, उंचीही तीच, मग हे ज्यूल गेले कुठे? घर्षणातून उष्णतेत. ठोकळा चाचपून पाहिला, ढिम्म कळलं नाही. कळणार कसं? एवढ्यात एक ग्रॅम पाणीसुद्धा जेमतेम १ अंशाने तापतं.

१८४५ मध्ये जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने कार्यातून होणारी हीच उष्णता पाण्यात मोजली होती. दोरीला टांगलेली वजनं खाली येताना पाण्यातली पाती फिरवत. वजनं जवळजवळ एकाच वेगाने उतरत, त्यामुळे त्यांची ऊर्जा वेगात न जाता पाणी तापवण्यात जाई. हे वाचलं तेव्हा माझा ठोकळा मला खरा समजला.

पेटी उतरवताना पुन्हा गंमत. बल वर, पेटीचं सरकणं (विस्थापन) खाली, म्हणजे माझं कार्य उणे १९६. हिशेबाने ऊर्जा मला मिळायला हवी, पण हात दुखलेच. स्नायू नुसता ताण धरायलाही ऊर्जा जाळतात, आणि ती पेटीच्या हिशेबात येत नाही. पेटी छातीशी धरून नुसता उभा राहिलो, तेव्हा तर पेटीवरचं माझं कार्य खरोखरच शून्य होतं. दोन मिनिटांत दंड थरथरायला लागले.