मचाणावर जाताना वाजू नये म्हणून: मॅनिस्टीच्या जंगलातले तीन दिवस

पहिल्याच दिवशी पहाटे पावणेसहाला मी हरणाच्या शिकारीसाठी झाडावर जेमतेम दहा फूट चढलो असेन. कमरेला लटकवलेली तिसरी स्टिक, म्हणजे खोडाला पट्ट्याने बांधून चढायची पायऱ्यांची दांडी, खालच्या स्टिकवर आपटली. ठण्ण! शाळेची घंटा बरी, असा आवाज. दोन-तीन सेकंद सगळं चिडीचूप. मग पन्नासेक यार्डांवरून एका हरणीने नाकातून फुस्स केलं, पुन्हा एकदा फुस्स, आणि पाला तुडवत पळत गेल्याचा आवाज आला. सूर्योदय साडेसातचा होता. माझी सकाळ त्याच्या आधीच आटोपली होती.

माझा मेहुणा तीनशे यार्डांवर दुसऱ्या झाडावर होता. दुपारी गाडीपाशी भेटल्यावर म्हणाला, "भाऊजी, मला तिकडे ऐकू आलं. वाटलं कुणी पंगतीला बोलावतंय."

तर हा वृत्तांत अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मॅनिस्टीच्या राष्ट्रीय वनातला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, धनुष्याने करायच्या हरणांच्या शिकारीचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही. त्यामुळे इथे आल्यावर हे सगळं मी चाळिशीत, मेहुण्याच्या हाताखाली शिकलो. शिकार करावी की नाही हा वाद इथे घालत नाही. ज्यांना जायचंच आहे, त्यांना सामान न वाजवता झाडावर कसं न्यायचं, एवढंच सांगतो. पहिल्या वर्षी मला नेम, वारा, कपडे यावर सगळ्यांनी भरपूर ऐकवलं. सामानाच्या आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आधी कागदपत्रं, पटकन. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला मिशिगनमध्ये लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर अनुभवी माणसाच्या सोबतीने दोन हंगाम अप्रेंटिस लायसन्सवर काढता येतात. धनुष्याचा पहिला हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. १५ तारखेला बंदुका सुरू होतात आणि जंगलाची जत्रा होते, म्हणून आम्ही आधी गेलो. जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी बंदूक हातात घेण्याआधी अमेरिकेचा केंद्रीय कायदा नीट वाचावा, तो कडक आहे. धनुष्य त्यात येत नाही. हरीण मिळालंच तर ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते, हा नियम २०२२ पासूनचा.

सरकारी जमिनीवरच्या मचाणाचे नियम मात्र लक्षात ठेवाच, कारण सामान त्यावरूनच ठरतं. मचाण सुटं, नेता-आणता येणारं हवं. त्यावर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, जमिनीवरून वाचता येईल अशा ठळक इंग्रजी अक्षरांत हवा. झाडात पिळून बसवायच्या पायऱ्या चालत नाहीत. समोरच्या फांद्या छाटून वाट मोकळी करता येत नाही. म्हणजे झाडावर जे काही टांगायचं ते पट्ट्याने बांधून. आणि पट्टा आला की बकल आलं, बकल आलं की आवाज आला.

माझं ओझं असं होतं: लोखंडी जाळीची फळी आणि छोटी बैठक असलेलं मचाण साधारण १२ पौंड, चढायच्या चार स्टिक्स मिळून १० पौंड, धनुष्य पाच, आणि कपडे-पाण्याची पाठपिशवी बारा-तेरा. म्हणजे चाळीस पौंडांच्या आसपास, तेही अंधारात, पाऊण मैल. पहिल्या दिवशी मी हे सगळं लवचिक हुकांच्या दोऱ्यांनी बांधलं होतं. त्या दोऱ्या घरी घट्ट वाटतात. चालायला लागलं की प्रत्येक पावलाला ताणतात, सैल होतात, आणि स्टिक स्टिकला घासते. भांड्याला भांडं लागणारच म्हणतात ते संसारापुरतं ठीक आहे. जंगलात नाही.

त्या दुपारी आम्ही पुन्हा जंगलात गेलोच नाही. मोटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये सगळं सामान चादरीवर मांडून बसलो. मेहुण्याने माझं मचाण उचललं, कानाशी धरलं आणि नुसतं हलवलं. खुळखुळा! "आता बोटाच्या नखाने टिचक्या मारत जा," तो म्हणाला. "जिथे टण्ण वाजेल तिथे कापड. जिथे नुसतं टप वाजेल ते सोडून द्या."

टिचक्या मारत गेलो आणि डोळे उघडले. फळीच्या कडा, स्टिकच्या पायऱ्यांची टोकं, बैठकीची नळी, सगळं टण्ण. बाजारात यासाठी खास चिकटपट्ट्या मिळतात, महाग असतात. आम्ही दोन गोष्टींवर भागवलं: हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी पट्टी, आणि सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून केलेल्या फिती. एका स्टिकला दुसरी जिथे टेकते तिथे ट्यूब. हात आणि बूट जिथे लागतो तिथे कापडी पट्टी, म्हणजे थंडीत धातू हाताला चिकटतही नाही. एक ताकीद: पट्टा किंवा बकल जिथे भार घेतो तिथे काही गुंडाळू नका. पट्टा सरकला तर माणूस खाली येतो. आणि मचाणाच्या मूळ भागांना भोकं पाडणं, बोल्ट बदलणं असले उद्योग नकोत.

फळी जिथून दुमडते तिथला कुरकुराट वेगळा. मी तेलाची कुपी काढली तर मेहुण्याने हातातून घेतली. तेलाला वास असतो, हरणाचं नाक म्हणजे आपलं नाक नव्हे. मेणबत्तीचा तुकडा सांध्यात घासला, चार वेळा उघडमीट केली, आवाज बसला. फळीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा फळी खाली सोडताना तिच्यावर फटकन आपटतात. त्यावर औषध एकच, सोडताना तार दुसऱ्या हाताने धरून ठेवायची.

बारीकसारीक चीजवस्तू मोठ्या सामानाइतक्याच वाजतात. झिपच्या धातूच्या जिभल्या काढून तिथे दोरीची गाठ मारली. वेल्क्रोचे खिसे त्या जंगलात कापड फाडल्यासारखे वाजतात, ते आधीच उघडे सोडले किंवा पिशवीच बदलली. अर्धी भरलेली पाण्याची बाटली डचमळते, तेव्हा भरलेलीच न्यावी आणि प्यायला लागलात तर बरीचशी संपवावी. खाऊची चुरचुरीत पाकिटं घरीच फोडून खाऊ रुमालात बांधला. गाडीची किल्ली मोज्यात, नाणी गाडीत.

मग बांधणी. स्टिक्स एकीत एक बसवून मचाणाच्या पाठीवर उभ्या लावल्या आणि दोन साध्या कॅम बकलच्या, म्हणजे टोक ओढलं की आवळणाऱ्या, पट्ट्यांनी आवळल्या. रॅचेटचे पट्टे घेऊ नका, करकर करत आवळणारं ते यंत्र ट्रकला ठीक आहे. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून रबराखाली खोचली. शेवटी परीक्षा: सगळं पाठीवर घेऊन जागच्या जागी दहा उड्या. माझ्या पहिल्या दहा उड्यांत तीन आवाज सापडले. पलीकडच्या खोलीतला माणूस सिगारेट ओढत हे सगळं पाहत होता. त्याला काय वाटलं असेल ते असो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जाऊन मचाण लावलं. नवख्या माणसाने हेच करावं असं माझं ठाम मत आहे. उजेडात चुका दिसतात, आणि लावतानाचा जो काही आवाज व्हायचा तो शिकारीच्या वेळेपासून लांब होतो. घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं, हे विसरून आमच्यासारखे घाईत येऊ नका. संध्याकाळ अचानक साडेपाचच्या आत येते.

झाड सरळ, अंगाने फूटभर जाडीचं, पांढऱ्या ओकपासून वीसेक यार्डांवर. हरणांना त्याचे गळलेले दाणे फार प्रिय. बुंध्याशी पोचल्यावर आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. चालताना अंगात एकच कपडा होता, जाकीट पिशवीला बांधलेलं. घामाने भिजून वर बसलात तर तासाभरात दात वाजतात, आणि तोही आवाजच.

चढणं असं. हार्नेस, म्हणजे पडलात तर धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे, जमिनीवरच चढवायचा. आवाजासाठी हार्नेस काढून चढणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. कमरेचा पट्टा झाडाभोवती घालूनच प्रत्येक स्टिक लावायची. आता गंमत पट्ट्याची: बहुतेक जण बकलचं टोक खोडाभोवती भिरकावतात, ते पलीकडून येऊन स्टिकवर आदळतं. बकल डाव्या तळहातात घट्ट धरा, खोडाला मिठी मारा आणि नुसतं कापडी टोक पलीकडून उजव्या हातात घ्या. स्टिकला खाली जोर देऊन ती सालीत बसल्याची खात्री करा, मगच पाय ठेवा. पुढच्या स्टिक्स कमरेला लटकवू नका, माझं काय झालं ते वर आलंच आहे. मी त्या दोरीने एकेक करून ओढल्या, आणि दोरी सोडली ती लावलेल्या स्टिक्सच्या उलट बाजूने. मचाणही तसंच. हेलकावा आला तरी सालीला लागतो, धातूला नाही.

साधारण १८ फुटांवर मचाण बांधलं. फळीवर पाय ठेवण्याआधी हार्नेसची दोरी झाडाला, डोक्याच्या उंचीवर, प्रूसिक गाठीने, म्हणजे हाताने सरकणाऱ्या पण भार आला की आवळणाऱ्या गाठीने. बसल्यावर तिला ढील राहता कामा नये. पडलात तर लटकून राहणंही धोक्याचं असतं, पायात रक्त साचून राहतं. पाय ठेवायला आधाराचा फास खिशात असू द्या. मग फळीवर वजन टाकून सगळी कुरकुर तेव्हाच होऊन जाऊ दिली. थंडीत साल आणि धातू दोन्ही आकसतात, पहाटे पुन्हा एकदा कुरकुरतात. तेव्हा बसल्या बसल्या पाय हलवायचा नाही.

धनुष्य सगळ्यात शेवटी वर. बाण भात्यात, पाती झाकलेली, दोरीला साधी सुटी गाठ. क्लिप नको, क्लिप म्हणजे आणखी एक टिचकी. वर टांगायला पट्ट्यावरचे हूक, प्रत्येकाला ट्यूबचा तुकडा. धनुष्य डावीकडे, पिशवी उजवीकडे गुडघ्याच्या उंचीवर, बाकी काही नाही. रिलीज, म्हणजे धनुष्याची दोरी ओढून सोडायचा खटका, मनगटालाच बांधलेलं असावं. मेहुण्याचं मागच्या वर्षी वरून पडलं होतं आणि वाटेतल्या चारही पायऱ्यांना भेटून खाली गेलं होतं.

रात्रभर मचाण तिथेच ठेवलं. चोऱ्या होतात, म्हणून रबरी आवरणाची केबल आणि कुलूप. सगळ्यात खालची स्टिक काढून आणायची, म्हणजे कुणी सहज चढत नाही. हंगामाच्या शेवटी पट्टे उतरवून घरी न्याच. खारी कुरतडतात, ऊन खातं, आणि झाड वाढतं तसा पट्टा आतून ताणतो. पुढच्या वर्षी त्या जुन्या पट्ट्यावर पाय ठेवणं म्हणजे मरणाशी गाठ.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी फक्त धनुष्य, पिशवी आणि ती खालची स्टिक घेऊन गेलो. रात्री पाऊस होऊन पाला ओला होता, बूट वाजत नव्हते. वर पोचलो तेव्हा समोरच्या फांदीवरची खार जागची हललीसुद्धा नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला कुणी दिलेलं नाही.

पावणेपाचला एक हरीण आणि तिची दोन मोठी पिल्लं ओकखाली आली. वीस यार्ड. मधे एक आडवी फांदी, अंगठ्याएवढी, नेमकी तिच्या खांद्यावर. छाटायची परवानगी नाही आणि तिथून मारायचं धाडस माझ्यात नाही. ती दाणे चावत होती ते मला ऐकू येत होतं, कट, कट. पाच पंचावन्नला कायद्याची वेळ संपली, मी बाण भात्यात ठेवला. आणि ती तिघं माझ्या झाडाखाली येऊन उभी राहिली.

आता उतरायचं कसं? उतरलो तर त्यांना हे झाड कायमचं कळणार. बसलो तर गारठणार. मेहुण्याला मेसेज केला, "खाली तीन आहेत." त्याचं उत्तर आलं, "हलू नका, आलो."

दहा मिनिटांनी वाटेवरून टॉर्चचा उजेड आला आणि त्यामागून मंगलाष्टकं, खड्या आवाजात, बेसूर. हरणांनी माना वर केल्या, शेपट्या एकदा झटकल्या आणि शांतपणे चालत पलीकडच्या पाइनमध्ये गेली. फुस्स नाही, काही नाही. जंगलातून एक मूर्ख माणूस चाललाय, एवढंच त्यांना कळलं.

"भाऊजी, उतरा आता," खालून आवाज आला.

धनुष्य खाली सोडलं, उतरलो, खालची स्टिक काढली, एकही वस्तू वाजली नाही. गाडीपाशी येऊन चहासाठी थर्मास उघडला, आणि त्याचं झाकण हातातून सुटून बंपरवर पडलं.