तिसरा नग

"अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसरा नग बाकीच्यांपासून सुटला. सात मिनिटं बाजूला होता. मग परत आला."

सुभेदार साहेबांनी वहीतून वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिसरा नग माझ्या खिशात होता. त्या सात मिनिटांत मी करवंदं खात होते.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत तेव्हा चौघा-पाचांच्या तुकडीसाठी एक रेडिओ तयार होत होता. मोबाइलचा टॉवर नाही अशा मुलखात जवानांनी एकमेकांना मजकूर पाठवायचा आणि कोण कुठे आहे ते नकाशावर निळ्या ठिपक्यांनी दिसायचं. माझ्याकडे सुरक्षेचं काम. मजकूर परक्याला वाचता येऊ नये म्हणून एईएस-२५६ एन्क्रिप्शन, झाकण उघडलं तर तो मजकूर उलगडणाऱ्या आतल्या डिजिटल किल्ल्या आपोआप पुसल्या जातील अशी सोय. दोन वर्षं त्यातच गेली होती आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा माजही आला होता.

मे महिन्यात अंजनेरीच्या डोंगरावर चाचणी ठरली. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, म्हणून चाचणीपुरता तोच घेतला. आम्ही चौघं त्या रेडिओचा एकेक नग खिशात घेऊन पठारावर लपत फिरणार आणि सुभेदार साहेब आम्हाला शोधणार. ते तोफखान्याच्या साटा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, आता देवळाली कॅम्पात राहतात. शत्रूच्या तोफा हुडकणं हे साटाचं काम. त्यांच्याकडे सामान काय, तर जुना लॅपटॉप, लॅपटॉपवर रेडिओलहरी पकडून दाखवणारा चार-पाच हजारांचा एसडीआर डोंगल आणि एका दिशेचं नेमकं ऐकणारा, घरी बनवलेला यागी अँटेना. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पीव्हीसी पाइपवर बसवलेल्या. आमच्यातला एक पोरगा तो बघून हसलाच.

दुपारी अंजनीमातेच्या देवळापाशी साहेबांनी वही उघडली. आमचा एकही मजकूर त्यांना वाचता आला नव्हता, आणि वाचायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. झालं असं होतं, की नकाशावरचे ठिपके ताजे राहावेत म्हणून आमचा प्रत्येक नग दर वीस सेकंदांनी 'मी आहे' असा एक छोटासा संदेश हवेत सोडत होता. साहेबांनी पठारावरच्या दोन जागांवरून अँटेना फिरवून दिशा घेतल्या, नकाशावर दोन रेघा ओढल्या. रेघा जिथे छेदल्या तिथे आम्ही.

"पण साहेब, नग वेगवेगळे कसे ओळखले?"

"मॅडम, तुमचे चारही गडी एकाच सुरात बोलत नाहीत."

लॅपटॉपवर त्यांनी दाखवलं. प्रत्येक नगात सूर ठरवणाऱ्या क्रिस्टलची वारंवारता बारीकशी सरकलेली असते. ८६६ मेगाहर्ट्झला दहा लाखांत पाच भागांची चूक म्हणजे चार किलोहर्ट्झहून जास्त, आणि ती पडद्यावर डोळ्यांना दिसते. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असो, हा फरक त्याच्या खालच्या थरातला. शिवाय, कोण बोललं की बाकीचे लगेच उत्तर देतात हे बघून आमचा म्होरक्या कोण तेही त्यांनी ओळखलं होतं.

"तोफ डागली की तिनं पत्ता सांगितलाच म्हणून समजा," साहेब म्हणाले.

पहिल्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगनं आवाजावरून जर्मन तोफांच्या जागा शोधण्याची पद्धत बसवली, त्याच सुमाराला, १९१५मध्ये, त्याला दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळालं. हे मला माहीत होतं. आमच्या अंबडच्या खिडकीतही देवळालीच्या तोफांचे दणके ऐकू येतात. तरी माझं डोकं त्या दिशेनं कधी गेलं नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर खरी कटकट सुरू झाली. वीस सेकंदांचा संदेश काढा, असं मी म्हटलं. मग ठिपके शिळे होणार, आणि प्रात्यक्षिकात बघणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतात ते ठिपकेच. "ते आपल्याला हवेत," सरांनी ठणकावलं. आठवडाभर वाद चालला. शेवटी बाजूला एक खटका बसवला. तो दाबला की नग फक्त ऐकतो, स्वतःहून काहीच पाठवत नाही. पाठवायचंच असेल तर कमी ताकदीवर, अनियमित वेळांनी, वारंवारता बदलत. नगांच्या सुरातला फरक मात्र पूर्णपणे पुसता आला नाही. म्हणून जितकं कमी बोलता येईल तितकं कमी.

जूनच्या अखेरीस, धुक्यात, दुसरी फेरी झाली. खटके दाबलेले. तीन तास साहेबांची वही कोरी. मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती. मग ते धुक्यातून, हातात अँटेना नव्हे तर स्वतःचा मोबाइल घेऊन, सरळ आमच्या दिशेनं चालत आले. चाळीस पावलांवर थांबून त्यांनी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. आमच्या इंटर्नच्या फिटनेस बँडचं ब्लूटूथ.

२०१८मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांमुळे लष्करी तळ उजळून दिसले होते, ती बातमी याच इंटर्ननं मला कधीतरी मोठ्या उत्साहानं सांगितली होती.

त्या दिवसापासून आमच्या गाडीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. वर चढण्याआधी सगळ्यांनी आपापली सामग्री त्यात टाकायची. पहिल्या दिवशी दोन स्मार्ट घड्याळं निघाली, तीन जणांचे इअरबड आणि तो बँड. दुसरं घड्याळ माझं होतं.