एकशेवीसचे पाच रोल आणि अडतीस दिवस

वडिलांच्या नावातल्या ‘अप्पा’पायी माझे पाच फिल्म रोल मुंबईतल्या एका कार्यालयात अडतीस दिवस पडून राहिले. आधार कार्डावर वडील सिद्राम आहेत, पॅन कार्डावर सिद्रामप्पा आहेत आणि भाच्याने जर्मनीहून पाठवलेल्या खोक्यावर ते मुळीच नाहीत, कारण तिथे त्याने फक्त माझे नाव आणि आडनाव लिहिले होते. सोलापुरात गल्लीगल्लीत एखादा सिद्रामप्पा सापडतो आणि सिद्राम म्हणून हाक मारली तरी तोच ओ देतो, एवढी साधी गोष्ट त्या कार्यालयाला पटवता पटवता संक्रांत दारात आली. मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरहून रुंद, फिल्मवर ज्यांना अजून फोटो काढायचे आहेत त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, तो मधूनमधून दिसला तर सांभाळून घ्यावे.

कॅमेरा वडिलांचा, याशिका मॅट १२४ जी. एकावर एक दोन भिंगे असलेला, पोटाशी धरून वरून आत डोकावायचा हा पेटीसारखा कॅमेरा १९७० ते १९८६ या काळात तयार होत असे. वडील गिरणीतली नोकरी सांभाळून लग्नामुंजींचे फोटो काढत. त्यांच्यामागे बरीच वर्षे तो कपाटात चादरींच्या घड्यांखाली होता. शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि हाताला काहीतरी काम हवे म्हणून तो बाहेर काढला. शटर पहिल्या दाबाला चालले. त्यातल्या प्रकाशमापकाला लागणारा पाऱ्याचा सेल आता बाजारात मिळत नाही, तेव्हा मी मोबाइलवरच्या मीटरने काम भागवतो. कॅमेऱ्याचे रडगाणे एवढ्यात संपते.

अडते ते रोलपाशी. यात लागणारा एकशेवीसचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला आणि अजूनही तो जवळपास त्याच रूपात, काळ्या कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला येतो. ज्यांच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता त्यांना तो ‘बारा फोटोंचा रोल’ म्हणून आठवेल. त्यावर ५६ मिलिमीटरची चौकोनी निगेटिव्ह उमटते, जिचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मच्या साडेतीनपटीहून अधिक भरते. आज मीडियम फॉरमॅट म्हणून लाखोंना विकल्या जाणाऱ्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे वडिलांच्या पेटीतली निगेटिव्ह त्याच्याही दुपटीहून मोठी आहे. हे सांगताना मला थोडी फुशारकी वाटते, ते नाकारत नाही. वडील उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल वापरत. तो कारखाना बंद झाला आणि आता एकेक रोल परदेशातून येतो. गेल्या नोव्हेंबरात मला हवा असलेला इल्फर्ड कंपनीचा एचपी५ प्लस हा कृष्णधवल रोल इथल्या विक्रेत्यांकडे संपला होता. भाचा म्हणाला, “मामा, माझ्या घराखालच्या दुकानात मिळतो, पाठवून देतो.” त्याने पाच रोल पाठवले.

खोके ६ डिसेंबरला मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की केवायसी अपूर्ण असल्यामुळे पार्सल रोखले आहे. मी त्याच संध्याकाळी आधार कार्ड चढवले. चार दिवसांनी उत्तर आले की पार्सलवरील नाव आणि कागदपत्रावरील नाव जुळत नाही, कारण आधारवर तीन शब्द आणि खोक्यावर दोन. मग पॅन कार्ड चढवले. पुन्हा चार दिवस गेले आणि उत्तर आले की आता दोन कागदपत्रांतील वडिलांचे नावच एकमेकांशी जुळत नाही. ज्यांनी असले अर्ज भरले आहेत त्यांना ठाऊक असेल की प्रत्येक नकारानंतर आपण रांगेच्या शेपटाला जातो आणि पहिला माणूस आपल्याला पुन्हा कधीच भेटत नाही. तिसऱ्या खेपेला माझी फाइल १ एमबीपेक्षा मोठी भरली. चौथ्या खेपेला ती लहान करून चढवली, तर अक्षरे अस्पष्ट असल्याचा शेरा मिळाला. छत्तीस वर्षे मी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने शेरे मारले, त्या सगळ्यांची परतफेड या एका महिन्यात झाली असे पत्नीचे मत पडले.

फोन लागत नव्हता असे नाही. तो लागायचा, गाणे वाजायचे, आपला कॉल महत्त्वाचा असल्याचे दर मिनिटाला कळायचे आणि विसाव्या मिनिटाला तुटायचा. एकदाच पलीकडे माणूस आला, आवाजावरून विशी-बाविशीचा मुलगा असावा. त्याने विचारले, “सर, वर्णनात फिल्म लिहिले आहे. कोणता पिक्चर आहे यात?” मी म्हणालो, “बाळ, यात काहीच नाही, फिल्म कोरी आहे.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “कोरी आहे, तर मग जर्मनीहून का मागवली?” मला क्षणभर उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचा काही दोष नव्हता, त्याच्या जन्माच्या सुमारास घराघरांतून रोल हद्दपार होऊ लागला होता. पण या संभाषणाने माझी झोप उडाली, कारण आत काय आहे हे पाहण्यासाठी कोणी खोके उघडले, वेष्टन फाडले आणि कागदाची गुंडाळी कुतूहलाने सोडली, तर पाचही रोल तिथल्या ट्यूबलाइटखाली जागच्या जागी संपले असते. मी त्या रात्री ईमेल लिहिला की तपासणी अवश्य करावी, परंतु आतील सीलबंद वेष्टने फोडू नयेत, ही प्रकाशाने खराब होणारी वस्तू आहे. त्याला आपोआप पाठवले जाणारे उत्तर तत्काळ आले. आपल्याला कोणी रोल पाठवणार असेल तर हे वाक्य त्याला खोक्याच्या बाहेरच मोठ्या अक्षरांत लिहायला सांगावे. मला ते फार उशिरा सुचले. एक्स-रेची धास्तीही मी तेव्हा घेतली होती, पण ४०० आयएसओ इतक्या प्रकाशसंवेदनशील फिल्मला साध्या यंत्रातून एकदोनदा गेल्याने सहसा इजा होत नाही. विमानतळांवर आता बसलेल्या सीटी स्कॅनरपासून मात्र तिला लांब ठेवावे, म्हणजे प्रवासात रोल हातातल्या पिशवीतून काढून वेगळा तपासायला द्यावा.

डिसेंबरच्या अखेरीस मी प्रतिज्ञापत्राच्या वाटेला लागलो. कोर्टाजवळ टाइपरायटरची जागा आता संगणकाने घेतली असली तरी माणूस तोच, तसाच घाईत. त्याने माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, “मालक, नावं दोन, माणूस एक. असले मी दिवसाला दहा करतो.” सिद्राम आणि सिद्रामप्पा ही एकाच व्यक्तीची नावे असल्याचे मी शपथेवर सांगितले, नोटरीचा शिक्का बसला, वडील वर कुठे असतील तिथे हसले असतील. प्रतिज्ञापत्र चढवले. सहा दिवस उत्तरच आले नाही.

सुटका झाली ती लाइट बिलाने, आणि तीही योगायोगाने. आमच्याच भागातल्या पार्सलच्या काउंटरवर मी दुसऱ्याच कामासाठी गेलो असता तिथल्या बाईंना सहज हकिगत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, त्यांना वडिलांचं काही पडलेलं नाही. खोक्यावर जसं नाव आहे, तस्संच नाव असलेला एक कागद द्या.” घरी येऊन फायली उपसल्या. माझ्या लाइट बिलावर नाव आणि आडनाव, दोनच शब्द आहेत. अर्जात ‘पत्त्याचा पुरावा’ असा एक रकाना होता आणि त्यापुढे ‘ऐच्छिक’ असे लिहिले होते, म्हणून मी महिनाभर त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. ११ जानेवारीच्या रात्री बिल चढवले आणि १३ तारखेला मंजुरी आली. तेव्हा ऐच्छिक शब्दावर विश्वास ठेवू नये. जे जे मागितले आहे ते ते पहिल्याच दिवशी द्यावे. भेटवस्तू असे लिहिल्याने सीमाशुल्क माफ होईल या भ्रमातही राहू नये. ते मी निमूटपणे भरले, कारण तोवर भांडायचे त्राण उरले नव्हते.

खोके हाती आले १७ तारखेला. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, संक्रांतीच्या अक्षता सोहळ्याला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, माझ्याजवळ फ्रिजमध्ये ठेवलेला मुदत उलटलेला एकच रोल होता. सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक आणि माझे बारा फोटो. (एवढे पांढरे समोर असले की मीटर फसतो आणि सगळे करडे करून टाकतो, त्याने सांगितल्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा.) बारा फोटो म्हटले की माणूस कंजूष होतो. शेजारी उभा असलेला एक तरुण मोबाइलवर एकसारखे टिपत होता आणि मी, जिथे अक्षता पडतात त्या, सम्मती कट्ट्यापाशी हात न हलवता अर्धा तास थांबलो होतो. अक्षता पडल्या तेव्हा दाबलेले बटण तेरावे निघाले. १२४ जीच्या पाठीमागच्या झाकणात फिल्म दाबून धरणारी एक पट्टी असते. ती सरकवून १२० किंवा दुप्पट लांबीचा २२० रोल निवडता येतो. ती कधीतरी २४ वर, म्हणजे २२० रोलच्या चोवीस फोटोंवर, सरकली होती, त्यामुळे मोजणी बारावर थांबली नाही आणि मी फिल्म संपल्यानंतरच्या कागदाचा फोटो काढला. २२० रोल बनवणे फुजीनेही २०१८ मध्ये थांबवले, तेव्हा जुना कॅमेरा हाती आला की आधी ती पट्टी १२ वर आहे ना हे पाहावे. या चुकीचा दोष मी कोणत्याही कार्यालयाला देऊ शकत नाही, याचेही वाईट वाटते.

रोल धुण्याचे मी घरीच करतो. आता शहरात मला कृष्णधवल रोल धुऊन देणारे कोणी भेटले नाही आणि पाच रोल पुन्हा कुरिअरच्या हवाली करण्याची माझी छाती नव्हती. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण, डी-७६ आहे. १ लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखाच मामला. एचपी५ला २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात. जानेवारीत बर्फाच्या दोन खड्यांत काम होते, पण एप्रिलमध्ये सोलापूरच्या टाकीतले पाणी चहाला अर्धे तापलेले असते, तेव्हा फिल्म धुण्याची छोटी टाकी बर्फाच्या बादलीत बुडवून ठेवावी लागते आणि थर्मामीटरवरून नजर हटवता येत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असल्याने धुण्याचा दिवस पाण्याच्या वेळापत्रकावर ठरतो. शेवटी फिल्म डिस्टिल्ड पाण्याने खळबळावी, नाहीतर क्षारांचे ठिपके वाळून बसतात. न्हाणीघराच्या खिडकीला मी सोलापुरी चादर लावतो. एकेरी लावली तर विणीतून उजेड झिरपतो, दुहेरी घडी लागते. त्या अंधारात कागद सोडत जायचे, बोटाला फिल्मची कड लागली की ती रिळात सरकवायची आणि शेवटी जिथे ती कागदाला चिकटवलेली असते तिथे हलकेच सोडवायची. पहिल्या खेपेला हे एखाद्या वाया गेलेल्या रोलवर, दिवसाढवळ्या करून पाहावे.

लोक विचारतात की डिजिटलच्या जमान्यात याचे भविष्य काय. कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा मीही रोल संपला असेच धरून चाललो होतो. पण तिची एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१९ मध्ये १२० आकारात पुन्हा आली आणि इल्फर्ड बनवणाऱ्या हार्मनने २०२३ मध्ये फिनिक्स नावाची स्वतःची रंगीत फिल्म काढली. मला काळजी कॅमेऱ्यांची आहे. हासेलब्लाड या कॅमेरा कंपनीने आपली फिल्मची जुनी मालिका २०१३ मध्ये थांबवली आणि जे आहेत ते जुनेच दुरुस्त करत वापरायचे, तर दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत. डिजिटलशी माझे भांडण नाही. निगेटिव्ह मी पुतण्याच्या डिजिटल कॅमेऱ्यानेच टिपून संगणकावर घेतो, तीही उजेडाच्या पाटीवर ठेवून.

मागच्या आठवड्यात भाच्याला पुढचे पाच रोल सांगितले. या वेळी खोक्यावर नाव आधारप्रमाणे तीन शब्दांत लिही, असे बजावले. त्याचा उलट प्रश्न आला, “मामा, आजोबांचा अप्पा घालू की नको?” नको म्हणून कळवले आहे.