यादी पाठवा म्हणता, पण गाडी कुठली?

"कोकणात बाइकवर जाताना सोबत काय काय नेता? यादी पाठवा ना." पाऊस ओसरला की हा प्रश्न सुरू होतो आणि दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत चालतो. विचारणारे बहुतेक पुण्याचे, ताम्हिणीने उतरून माणगाव गाठणारे, तिथून पुढे दापोली-गुहागर. मी उलट विचारतो, गाडी कुठली? यादी त्यावर ठरते.

कोकणात मेकॅनिकची वानवा नाही. नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एखादा असतोच आणि हाताचा पक्का असतो. त्याच्याकडे नसतो तो तुमच्या गाडीचा पार्ट. स्प्लेंडरची क्लच वायर त्याच्या भिंतीला टांगलेली असते. तुमच्या साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाडीची चिपळूण किंवा रत्नागिरीहून मागवावी लागते, आणि त्यात रविवार असला तर काम उद्यावर. म्हणून माझा हिशेब असा की जे तिथं मिळतं ते न्यायचं नाही, आणि जे मिळत नाही ते मला बसवता येत नसलं तरी न्यायचं. बसवणारा भेटतो. स्प्लेंडरवाल्याने पाने आणि पंक्चरचं सामान घेतलं तरी पुरे. नवीन, महागडी, कमी खपाची गाडी असेल तर पिशवी मोठी.

त्या पिशवीत पहिली जागा क्लच वायरला. ती सहसा एकाएकी तुटत नाही. लिव्हरच्या तोंडाशी, टोकाचा धातूचा गोळा जिथं खोबणीत बसतो, तिथं तिची एकेक तार तुटत जाते. लिव्हर दाबून धरा आणि टॉर्च मारून त्या फटीत बघा. दोन-चार तारा झिजलेल्या ब्रशच्या केसांसारख्या बाहेर आलेल्या दिसल्या तर ती वायर घाटात दगा देणार हे नक्की. क्लच जड लागणं, आणि परवाच ॲडजस्ट केलेली लिव्हर पुन्हा ढिली पडणं, ही त्याचीच लक्षणं. माझी पद्धत अशी की जुनी वायर धडधाकट असतानाच नवी टाकायची आणि जुनी स्पेअर म्हणून ठेवायची. म्हणजे ती आपल्या गाडीला बसते याची खात्री आधीच झालेली असते. दुकानदाराने 'हीच लागते' म्हणून दिलेल्या वायरची तशी खात्री नसते. काही जण दुसरी वायर जुनीच्याच शेजारून ओढून, झिप टायने बांधून ठेवतात. तुटली की फक्त टोकं अडकवायची, टाकी उतरवायला नको. मला ही युक्ती फार आवडते.

दुसरी क्लच लिव्हर. गाडी उभ्या उभ्या कलंडली तरी हिचं टोक मोडतं. हँडलला ती धरून ठेवणारे बोल्ट आवळताना ताकद लावू नका. चालवताना हलणार नाही, पण हाताने जोर लावला तर फिरेल इतपत घट्ट ठेवा. मग गाडी पडली तरी लिव्हर मोडण्याऐवजी फिरते.

पंक्चरचं म्हणाल तर तुमचं चाक कुठलं त्यावर सगळं आहे. अलॉयला ट्यूबलेस असेल तर काम सोपं: कानस, सुई, रबराच्या चिकट पट्ट्या आणि छोटा पंप. हातात सगळं तयार होईपर्यंत खिळा मात्र उपटू नका, नाहीतर भोक शोधत बसाल. स्पोकच्या चाकात बहुतेक गाड्यांना ट्यूब असते, म्हणजे चाक उतरवणं आलं. सोबत न्यायची ती मागच्या चाकाची ट्यूब, कारण पुढचं चाक पडलेला खिळा उडवून उभा करतं आणि मागचं त्यावर चढतं. पंक्चरवाला ठिगळ छान लावतो, पण व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ लागत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, हलक्या हाताने. बाभळीचा काटा टायरमध्येच मोडलेला असतो, तो पाच मिनिटांत नव्या ट्यूबलाही टोचतो. एक व्हॉल्व्ह पिनही ठेवा. हवा रोज थोडी कमी होत असेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर दोष पिनचा, ट्यूबचा नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. आठवडाभर आधी करा आणि मधले दिवस गाडी ऑफिसला न्या. ढिला राहिलेला बोल्ट, गळणारा ऑइलचा ड्रेन नट, हे सगळं तेवढ्या दिवसांत समजतं. एकदा एका सर्व्हिस सेंटरमधून माझी चेन अशी ताणून आली होती की बोटाने हलत नव्हती. चेन घट्ट म्हणजे चांगली, असं अनेकांना वाटतं. पण तुम्ही बसलात, मागे माणूस बसला, सॅडल बॅगा चढल्या की सस्पेन्शन दबतं, दोन्ही स्प्रॉकेटमधलं, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांमधलं, अंतर वाढतं आणि चेन आणखी आवळते. मग ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत राहते. खालची बाजू मधोमध वरखाली करून बघा, बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर हालचाल लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अनेकदा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवरही. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं सर्वांत घट्ट लागेल, ते माप धरायचं.

चेनला तेल ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, महागडा स्प्रे हवाच असं नाही. आधी डिझेलच्या फडक्याने पुसायची, कारण रॉकेल आता सहज मिळत नाही. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंगचं रबर खराब होतं. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना, आतल्या बाजूने तेल द्या आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी तेल देऊन लगेच निघालात तर अर्धं पँटवर येतं. एरवी पाचशे किलोमीटरला एकदा पुरतं. पावसात किंवा कोकणच्या तांबड्या चिखलात मुक्कामाला पोचलं की रोज. आणि समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका. घातलीतच, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना हजार मीटरहून जास्त उतार आहे. तिथं ब्रेकवर पाय ठेवून आलात तर जुनं फ्लुइड उकळतं आणि ब्रेक स्पंजसारखा बसतो. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं.

बाकी किरकोळ. गाडी अचानक पूर्ण बंद पडली, दिवासुद्धा लागेना, तर आधी बॅटरीच्या टर्मिनलचे स्क्रू आवळा. खड्ड्यांनी ते ढिले होतात. मग फ्यूज. दहा अँपिअरच्या जागी वीसचा घालू नका, वायरिंग जळेल. एम-सील ठेवा; इंजिनच्या खालच्या बाजूला दगड लागून चीर गेली तर तेल पुसून जागा कोरडी करा, लावा आणि तास-दोन तास थांबा. टाकीतून पेट्रोल बारीक झिरपत असेल तर कोरडा अंगाचा साबण घासून भरा, तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे करताना शेजारी बिडी ओढत सल्ला देणारा कुणीतरी उभा असतो, त्याला आधी लांब पाठवा. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पंक्चरवाला फुकट देतो, त्याने काहीही बांधता येतं.

हे सगळं सॅडल बॅगच्या तळाशी कोंबू नका. पंक्चर पावसातच होतं आणि मग कपडे रस्त्यावर काढून ठेवावे लागतात. पाने, ट्यूब आणि टॉर्च वेगळ्या पिशवीत, वरच्या वर. त्यातच शंभराच्या चार-पाच नोटा ठेवा; दाभोळची फेरीबोट उतरून पुढे गेलं की पंक्चरवाल्याच्या क्यूआर कोडला रेंज असेलच असं नाही.