एकवीस अंकी संख्येची हाताने केलेली पडताळणी : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत नववीला मूळ संख्या शिकवताना मी दरवर्षी २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येपाशी थांबतो. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने ती मूळ मानली होती. फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण त्यांच्या रीतीतून एकही अवयव हाती लागत नव्हता. अवयव दिले ते १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी. म्हणजे २७ वर्षे ही संख्या फुटते हे ठाऊक होते, कशी फुटते हे नव्हते. हा फरक मुलांच्या मनावर ठसावा म्हणून यंदाच्या पावसाळ्यात मी सारे गणित कागदावर करायला घेतले.

बेळगावच्या गणपत गल्लीतून चौकटीची वही आणली, कारण एका चौकटीत एक अंक बसवला की हातचे आणि स्थाने चुकत नाहीत. २ चा ३२ वा घात ४२९४९६७२९६. त्याचा वर्ग केला, बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे मागणाऱ्याच्या गोष्टीतल्या एकूण दाण्यांहून एकाने मोठी असलेली संख्या मिळाली, तिला ८ ने गुणून १ वजा केला आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या उभी राहिली.

कोल यांच्या दोन अवयवांचा गुणाकार करण्यापूर्वी अवयव कसे असू शकतात याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मूळ अवयवाने २ च्या घातांना भागत गेलो, तर ६७ व्या घाताला बाकी १ उरते. ६७ स्वतः मूळ असल्याने त्याआधी ती १ येत नाही. फर्माच्या सिद्धांताप्रमाणे अवयवातून १ वजा करून येणाऱ्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून ती वजाबाकी ६७ ने विभाज्य असलीच पाहिजे, आणि अवयव विषम असल्याने १३४ नेही. शिवाय अशा अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. कोल यांचा लहान अवयव १९३७०७७२१. त्यातून १ वजा करून १३४ ने भागले, भागाकार नेमका १४४५५८० आला. मोठा अवयव ७६१८३८२५७२८७. त्याचा भागाकार ५६८५३६०१२९. आठने भागल्यावर पहिल्याची बाकी १ आणि दुसऱ्याची ७. कोल यांना या चाळणीतूनही किती उमेदवार तपासावे लागले असतील, याची कल्पना येथे येते.

गुणाकार मात्र वाटला होता तितका जड गेला नाही. लहान अवयवात ७ हा अंक तीनदा आणि १ दोनदा येतो, एक शून्य आहे. त्यामुळे खरी मेहनत २, ३, ७ आणि ९ च्या ओळींचीच. सातची ओळ, ५३३२८६७८०१००९, एकदा मांडली की स्थान सरकवून तीनदा उतरवायची. बेरीज मी उजवीकडून केली. शेजारी राहणाऱ्या, कन्नड शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांनी तीच बेरीज स्वतंत्र कागदावर केली. दोन्ही उत्तरे अंकन्अंक जुळली. बीजांकाचा (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करून येणाऱ्या अंकाचा) ताळाही घेतला : दोन्ही अवयवांचा आणि गुणाकाराचा, तिघांचाही बीजांक १. ११ ने भागल्यास बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, त्याची बाकी ६. मोठ्या संख्येचीही ६.

मुलांनी मग विचारले की, "सर, फर्माची कसोटी लावून हे आधीच कळले नसते का?" संख्या मूळ असेल तर, तिने भाग न जाणारा एखादा पाया घेऊन त्याचा 'संख्या वजा १' इतकावा घात केला आणि त्या संख्येने भागले, की बाकी १ यायलाच हवी, ही ती कसोटी. २ हा पाया घेतला तर नाही. या संख्येतून १ वजा केल्यास उरते ती संख्या ६७ ने विभाज्य आहे, त्यामुळे २ चा तितकावा घात घेऊन या संख्येने भागल्यास बाकी १ च राहते, जणू ती मूळ आहे. ल्युका यांना निराळी कसोटी का शोधावी लागली, ते याच ठिकाणी दिसते. ४ पासून सुरुवात करून दर खेपेला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि या संख्येने भागून बाकी पुढे न्यायची, अशी ६५ पायऱ्यांची, ल्युका यांच्या कसोटीची सुधारलेली रीत अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी १९३० मध्ये मांडली. शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. त्या पायऱ्या आता वर्गातील मुले गटागटाने वाटून घेत आहेत.